एका गावाचे नाव

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेकरूंचे नाव, कुळ आणि गाव नोंदलेले असते. वंशवृक्ष जुळविणारा मनुष्य बहुधा गावाच्या नावापाशीच अडतो. जुन्या मोडी लेखनात शब्द सुटे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही, अनुस्वारही पुष्कळदा गळतो. मग 'कडगंची'चे 'कडगची' होते. आळंदची पुण्याजवळची आळंदी करणे तर त्याहून सोपे!

आळंद तालुक्यातील हे कडगंची म्हणजे गुरुचरित्रातील सायंदेवांचे गाव. आपली ओळख देताना त्यांनी गोत्र कौंडिण्य व शाखा आपस्तंब अशीही सांगितली आहे. ही जुनी रीतच आज शोधकाच्या कामी येते. राज्ये बदलतात; कडगंची १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात गेले. नावेही बदलतात, २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. तिकडे युरोपात प्रेसबर्ग, पोजोनी व ब्रातिस्लावा ही एकाच शहराची नावे आहेत. गोत्र मात्र सहसा बदलत नाही.

म्हणून गाव, परगणा व गोत्र या तिहींचा मेळ बसल्यावाचून निर्णय करू नये. घाईने लावलेले एक अक्षर परक्यांचे पूर्वज घरी आणते. आपले मात्र वहीतच राहतात.