लोणारचे वय आणि अणुभट्टीत घडवलेला आर्गॉन



लोणारचे विवर आपल्या जानेफळच्या शेजारच्या तालुक्यातले. ते उल्कापाताने झाले, हे इथले शाळकरी पोरही सांगते. कधी झाले, असे विचारले की मात्र दोन आकडे पुढे येतात: सुमारे ५२ हजार वर्षे आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. पहिला थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे नमुना तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून काढला गेला. दुसरा २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाचे फ्रेड जूर्दान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. मी आज या दुसऱ्या आकड्याविषयी बोलणार आहे. तो काढण्यासाठी लोणारच्या दगडात मुळात नगण्य असलेले अणू मुद्दाम घडवावे लागले.

दगडातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग पोटॅशियम-४० असतो. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे, आणि त्यातला काही हिस्सा आर्गॉन-४० या वायूत बदलतो. आघाताने खडक वितळला की जुना वायू निसटतो आणि खडक गोठल्यावर नवा साठू लागतो. वायू किती, पोटॅशियम किती, हे कळले की वय निघते. पण ही दोन मापे वेगवेगळ्या तुकड्यांवर, वेगवेगळ्या रीतीने घ्यावी लागत.

१९६६ मध्ये मेरिह्यू आणि टर्नर यांनी तोड काढली. नमुना अणुभट्टीत ठेवायचा. वेगवान न्यूट्रॉन पोटॅशियम-३९च्या केंद्रकात शिरतो, एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि आर्गॉन-३९ तयार होतो. हा अस्थिर आहे, पण त्याचे अर्धायुष्य सुमारे २६९ वर्षे असल्याने मोजेपर्यंत सहज टिकतो. आता पोटॅशियमचा हिशेबही त्याच कणातल्या वायूवरून लागतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

मात्र किती पोटॅशियममागे किती आर्गॉन-३९ बनला? नील्स बोर यांनी १९३६ मध्ये मांडले की शिरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा सगळ्या केंद्रकात वाटली जाते, आणि मग कोणता कण बाहेर पडेल हा शक्यतेचा प्रश्न उरतो. हाउझर आणि फेशबाख यांनी १९५२ मध्ये त्याचे गणित बसवले. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, तो सहज सुटतो. प्रोटॉनला विद्युत अडथळा ओलांडावा लागतो. म्हणून प्रोटॉनचा वाटा ऊर्जेप्रमाणे बदलतो. त्यात भट्टीत सर्व ऊर्जांचे न्यूट्रॉन असतात आणि त्यांचे मिश्रण जागोजागी वेगळे. नुसत्या गणिताचे उत्तर वय ठरवायला पुरेसे नेमके ठरत नाही. मग नमुन्याशेजारी वय ठाऊक असलेले खनिज ठेवतात. कापसाच्या काट्यावर आधी प्रमाणित वजन ठेवून काटा तपासावा, तसे.

आपल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, अडचण वेगळीच. त्यात कॅल्शियम भरपूर, पोटॅशियम तुटपुंजे. भट्टीत कॅल्शियम-४२पासूनही आर्गॉन-३९ बनतो आणि हिशेब बिघडतो. सुदैवाने कॅल्शियम-४०पासून आर्गॉन-३७ही बनतो. तो दिसला की कॅल्शियमचा वाटा किती, हे कळते आणि वजा करता येतो. त्याचे अर्धायुष्य ३५ दिवसांचे, त्यामुळे नमुना फार काळ ठेवून चालत नाही.

एक शंका तरीही उरते. लोणारचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. वितळताना त्यातला जुना आर्गॉन पूर्ण निघाला नसेल, तर विवर प्रत्यक्षाहून जुने दिसेल. म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याचे वय जुळते का ते पाहतात. जूर्दान यांच्या आकड्यात ४७ हजार वर्षे इकडेतिकडे धरलेली आहेत. माझा कल याच आकड्याकडे आहे, कारण थर्मोल्युमिनेसन्सचे घड्याळ नंतर लागलेल्या उष्णतेनेही पुन्हा शून्यावर येऊ शकते. पण हा निकाल मी अखेरचा मानत नाही. विवराच्या काठावरचे वितळून गोठलेले आणखी कण या कसोटीला लागले पाहिजेत.