कुंडीतील मामफळ
(हैदराबाद येथील मराठी बागप्रेमींपुढे केलेले भाषण)



सीताफळ हैदराबादकरांना नवे नाही. महबूबनगर जिल्ह्यातील बालानगरच्या नावाने त्याची एक जातच प्रसिद्ध आहे. त्याच कुळातील मामफळ मात्र येथे क्वचितच आढळते. तेलुगूत त्यास लक्ष्मणफलम् म्हणतात. हा वृक्ष मूळचा उष्ण व दमट अमेरिकेचा. गच्चीवरील कुंडीत तो वाढतो, फुलतोही. परंतु फळ धरत नाही. मग झाड वांझ ठरवून उपटले जाते.

दोष झाडाचा नसतो. या फुलातील स्त्रीकेसर आधी पक्व होतात, पराग मागाहून सुटतात. म्हणून एकाच फुलात परागण सहसा घडत नाही. लहान भुंगेरे न आल्यास फूल तसेच गळते. त्यातच उन्हाळ्यातील ४० अंशांच्या कोरड्या हवेत स्त्रीकेसर लवकर सुकतात.

यास्तव पूर्ण उमललेल्या फुलाचे पराग मऊ कुंचल्याने टिपावेत आणि नुकत्याच उमलू लागलेल्या फुलाच्या चिकट स्त्रीकेसरांवर सकाळी अलगद लावावेत. कुंडी किमान दीड फूट रुंद व तळाशी भोके असलेली घ्यावी. तीत तांबडी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरावे. पाणी साचू देऊ नये. उन्हाळ्यात दुपारी सावली करावी व मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे.

बियांपासून वाढविलेले झाड फळास येण्यास सुमारे ३ ते ५ वर्षे लागतात. तेवढा धीर धरावा आणि झाड उपटण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.