धुक्यातील अरण्य आणि छायाचित्रकार

निपाणी परिसरातील तंबाखूची मोकळी शिवारे मागे टाकून गडहिंग्लज-आजऱ्याच्या वाटेने प्रवासी आंबोलीस पोहोचतो, किंवा बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे वळतो, तेव्हा पावसाळ्यात त्याचे स्वागत धुकेच करते. वस्तुतः हे धुके म्हणजे डोंगरमाथ्यावर टेकलेला ढगच होय. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीचा कडा चढते, चढता चढता थंडावते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलकण होतात. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो याच कारणाने.

अशा वेळी कॅमेरा बाहेर काढण्याचा मोह कोणास होत नाही? परंतु घरी येऊन छायाचित्र पाहावे, तो त्यात केवळ एक मळकट पडदा! श्रोत्यांपैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखी छटेचे आहे असे गृहीत धरतो. म्हणून शुभ्र धुकेही राखी उमटते. त्याने सुचविलेल्या प्रमाणाहून एक ते दीड स्टॉप अधिक प्रकाश दिला, की धुक्याची शुभ्रता परत येते.

प्रकाशाचे हे गणित सोपे. रचनेचे मात्र कठीण. धुक्यात अंतराप्रमाणे वस्तू फिक्या होत जातात. जवळचा जांभळीचा भिजलेला बुंधा काळाभोर, त्यामागचा करडा आणि त्याहीपलीकडची झाडे नुसत्या सावल्या. चित्राला खोली येते ती या उतरत्या छटांमुळे. म्हणून जवळ एखादी ठळक आकृती हवी. ती नसल्यास नजरेला टेकावयास जागा उरत नाही. मात्र अशा आकृतींची गर्दी होता कामा नये. जपानी चित्रकार हासेगावा तोहाकू (१५३९–१६१०) याने आपल्या प्रसिद्ध पडद्यांवर पाइन वृक्षांचे थोडे समूह काळ्या शाईने रेखाटले आणि बहुतेक कागद कोरा ठेवला. पाहणाऱ्यास तो कोरा कागदच धुके वाटतो. छायाचित्रकारानेही तिवई रोवून, भिंगावरचे दव पुन्हा पुन्हा पुसत, नको असलेली झाडे धुक्यात विरून जाईपर्यंत थांबावे.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. धुके जसे सुशोभित करते, तसे झाकतेही. तोडलेल्या झाडांचे खुंट, रस्त्यासाठी कापलेली दरड, सहलीला आलेल्यांनी टाकलेला कचरा, सारे त्यात लुप्त होते आणि विरळ झालेले रानही अनंत भासते. आता तर संगणकावर नसलेले धुकेही घालता येते. असे चित्र भिंतीवर शोभेल. पण त्या रानाविषयी ते खरी साक्ष देईल काय?

हा प्रश्न केवळ कलेचा नाही. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस जाऊन कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात उगवणारी म्हादई पश्चिमेस गोव्यात उतरून मांडवी होते. २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्यही याच तालुक्यात आहे. धुक्याआड उभे असलेले हे रान म्हणजे दोन दिशांच्या लोकांचे पाणी आहे.

यास्तव छायाचित्रकाराने आषाढातील आपले चित्र अवश्य घ्यावे. मात्र जागेची खूण ठेवून, आकाश निरभ्र झाल्यावर मार्गशीर्षात पुन्हा तेथेच यावे आणि त्याच भिंगाने, त्याच चौकटीत दुसरे चित्र घ्यावे. दोहोंवर तारीख लिहून ती एकत्र जपावीत. पहिल्याने पाहणाऱ्यास रानाची ओढ लागेल, दुसऱ्याने तेथे किती झाडे उभी आहेत हे कळेल. आणि वीस वर्षांनी त्याच जागी येणाऱ्या एखाद्या तरुणास ती मोजून पाहता येतील.