धुऱ्यावरचे बीळ कुणाचे?

हिंगणघाटच्या आमच्या बचत गटांकडून आज वावरातल्या उंदरांविषयी बोलायचे आहे.

गहू ओंबीवर आला की सकाळी धुऱ्याच्या कडेला तिरपे कापलेले ताटवे पडलेले दिसतात. हरभऱ्याचे घाटे कुरतडलेले असतात, ठिबकच्या नळीला भोके असतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो भूक नसतानाही कुरतडतो. लहान घूस तर ओंब्या बिळात नेऊन साठवते. आपल्या आज्या सुगीनंतर बिळे खणून ते दाणे परत आणत, हे तुम्हीही ऐकले असेल.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंनी एकटीनेच आपल्या दोन एकरांत औषध टाकले. आठ दिवस शांततेत गेले. मग शेजारच्या धुऱ्यावरून उंदीर पुन्हा आले. ताईंनी तेच औषध परत टाकले, पण उंदरांनी तोंडही लावले नाही. उरलेली पुडी घरी फळीवर राहिली आणि एके दिवशी नातवाच्या हाती लागली. ताईंची नजर गेली म्हणून वाचलो. त्या महिन्याच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याआधी आम्ही हाच विषय घेतला, आणि दोन गोष्टी ठरल्या: औषध टाकायचे तर सगळ्यांनी एकाच दिवशी, आणि विष घरात ठेवायचे नाही.

उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले देते. एक वावर रिकामे झाले की शेजारचे उंदीर तिथे घर करतात. म्हणून लगतच्या सगळ्या वावरांनी मिळून काम करावे. वेळही पाहावी. पीक निघाल्यावर, पेरणीच्या आधी वावर मोकळे असते, खायला कमी असते, तेव्हा उंदीर आमिष खातात. रब्बीत गव्हात दाणा भरण्याआधी करावे. ओंबीत दूध भरले की आमिषाला कोण विचारतो?

पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील, तीच राहती बिळे. तेवढ्यांनाच खूण करा. झिंक फॉस्फाईड वापरायचे असेल तर आधी दोन-तीन दिवस नुसता भरडा आणि थोडे गोडे तेल बिळात ठेवा. उंदीर संशयी असतो, आधी त्याला चव लागू द्या. मग 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम तेल आणि 20 ग्रॅम औषध, असे प्रमाण. कागदाच्या पुडीत दहा-दहा ग्रॅम घालून बिळाच्या आत सारा आणि तोंड बुजवा. उघड्यावर टाकू नका. वाचलेला उंदीर हे औषध पुन्हा खात नाही, म्हणून आठवडाभराने उघडलेल्या बिळांत ब्रोमॅडिओलोनची तयार वडी ठेवा. तिचा परिणाम काही दिवसांनी होतो, म्हणून उंदराला संशय येत नाही.

औषध काडीने कालवा, हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, वाऱ्याकडे पाठ ठेवा. गरोदर बाई आणि लेकरे जवळ नकोत. स्वयंपाकाचे भांडे तर नकोच. मेलेले उंदीर खोल पुरा, नाहीतर कुत्रे, घुबड त्यांना खातात. एवढे करूनही कुणाच्या पोटात विष गेले, तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका. 108 ला फोन करा, पुडीचे वेष्टन सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. झिंक फॉस्फाईडला उतारा नाही, मिनिटामिनिटाला किंमत आहे.

विष हा शेवटचा उपाय. धुरे अरुंद ठेवा, त्यावरचे गवत काढा, कुटाराचे ढीग वावराच्या कडेला ठेवू नका. वावरात काठीला आडवी काठी बांधून पक्षीथांबे उभारा, रात्री घुबड त्यावर बसते. घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलू नका. धामणही बिनविषारी आहे आणि उंदरांवर जगते. तिला मारले तर फायदा उंदरांचाच.

आता आमच्याकडे औषध लागेल तेवढेच आणतो, सगळ्यांसमोर कालवतो आणि त्याच दिवशी संपवतो. त्या ताईंच्या शेजारचा शेतकरीही यंदा आमच्यासोबत धुऱ्यावर होता. बीळ त्याच्या बाजूला की ताईंच्या, हा वाद कुणी काढला नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्या शिवारात बिळे बुजवायची संध्याकाळ कोणती?