चित्रकणांची कसोटी

सोनें खरें कीं हिणकस, हें सोनार कसोटीच्या दगडावर ठरवितो. पण दगडाविषयींच शंका आली, तर निवाडा कोणी करावा? संगणकावर चित्रें काढणाऱ्या आज्ञावली रचणारांपुढें हा प्रश्न वारंवार उभा राहतो.

१९९२ सालीं एडिंबरो विद्यापीठांत जूलियन स्मार्ट यांनीं एका आज्ञासंग्रहास प्रारंभ केला. तो आज ‘डब्ल्यूएक्सविजेट्स’ या नांवानें ओळखला जातो. एकदांच लिहिलेला प्रोग्राम विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही ठिकाणीं चालावा, हा त्याचा हेतु. प्रत्यक्ष चित्रण मात्र तो त्या त्या ठिकाणच्या यंत्रणेकडे सोंपवितो: विंडोजवर जीडीआय, मॅकवर कोअर ग्राफिक्स, लिनक्सवर बहुधा कैरो. हुकूम एक आणि चितारी तीन. तिघांचें काम ठिपक्याठिपक्यानें जुळावें कसें?

बिटमॅप म्हणजे बारीक ठिपक्यांचें चित्र. बहुधा प्रत्येक ठिपक्याचे चार आंकडे असतात: तांबडा, हिरवा, निळा आणि अपारदर्शकता, प्रत्येक ० ते २५५ पर्यंत. युनिट टेस्ट, म्हणजे घटक-चांचणी, चित्र काढवून घेते व ठराविक ठिपक्याचे आंकडे अपेक्षित आंकड्यांशीं ताडून पाहते.

रंगाला अपारदर्शकतेनें आधींच गुणून ठेवण्याची रीत पोर्टर व डफ यांनीं १९८४ च्या निबंधांत मांडली. तिच्यामुळें चित्रावर चित्र बसविण्याचा हिशेब सोपा होतो. पण पूर्णांकांत कांहीं हरवतें. समजा, तांबडा २०० आणि अपारदर्शकता ३ आहे. गुणाकारास २५५ नें भागलें असतां सुमारें २.३५ येतात, यंत्र २ ठेवतें. उलट हिशेब केला, तर १७० हातीं लागतात. जेथें रंग न गुणतां ठेवितात, तेथें २०० कायम राहतात. चांचणी एकीकडे उतरते, दुसरीकडे फसते; आणि चूक मात्र कोणाचीच नसते.

अशा वेळीं मर्यादा सैल करण्याचा मोह होतो. परंतु ५० पर्यंतचा फरक क्षम्य धरला, तर काय होईल? १००, ८०, ६० हा तपकिरी रंग तांबड्या-निळ्याच्या अदलाबदलीनें ६०, ८०, १०० असा निळसर होतो. फरक अवघा ४०! चेहरा निळा पडेल आणि चांचणी मुकाट्यानें उत्तीर्ण ठरेल.

म्हणून जाणता दुरुस्तीकार प्रथम विचारतो, वचन नेमकें कशाचें दिलें आहे? पूर्ण अपारदर्शक ठिपका तंतोतंत जुळावा. अर्धपारदर्शक ठिपके गुणलेल्या रूपांतच ताडावे व पूर्णांकामुळें पडणारा एकदोन अंकांचाच फरक सोसावा. कडेचे ठिपके प्रत्येक यंत्रणा आपल्या परीनें मऊ करते. म्हणून आकृतीच्या मध्यावरचा ठिपका तपासावा. आणि दिलेल्या प्रत्येक सवलतीचें कारण तेथेंच लिहून ठेवावें; म्हणजे पुढें येणाऱ्यास कळेल, कीं ती हिशेबानें दिली होती, कंटाळून नव्हे.