हिशेबाची वही आपली आपणच आखा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपला हिशेब कृषी केंद्रवाल्याकडे आहे. सोसायटीकडे आहे, बँकेकडे आहे, सावकाराकडे तर पैशापैशाचा आहे. नाही तो फक्त आपल्या घरात. उधारी फेडायला गेलो की दुकानदार वही उघडतो आणि तो सांगेल तो आकडा आपण मान्य करतो. ज्याच्या हाती वही, त्याचाच आकडा खरा.

बाजारात जमाखर्चाच्या छापील वह्या मिळतात, आता मोबाईलवरही मिळतात. त्यातल्या बहुतेक महिन्याला पगार घेणाऱ्यासाठी आखलेल्या. आपला खर्च मृगाच्या आधी सुरू होतो आणि पैसा दिसतो तो कापूस वेचून विकल्यावर. तेव्हा शंभर पानी वही घ्या, पट्टी घ्या आणि आपल्या शेताला बसतील असे रकाने आपणच पाडा.

पहिली पाने शेताची. प्रत्येक पिकाला वेगळे पान. रकाने पाच : तारीख, काम, रोख, उधार आणि घरच्या माणसांचे दिवस. हा पाचवा रकाना विसरायचा नाही. मायबहिणींचे निंदण आणि वेचणी त्यातच दिसणार आहे.

हिशेबापुरते आकडे धरू. एकरी 5 क्विंटल कापूस झाला. बी, खत, फवारणी, मजुरी, वखरणी मिळून खिशातून 22,000 रुपये गेले. क्विंटलला 4,400 पडले. 7,000 ने विकला, म्हणजे 2,600 सुटले. आता घरच्यांचे 40 दिवस 300 रुपयांनी धरा, 12,000 झाले. क्विंटलचा खर्च 6,800, सुटले 200. आपल्याच जमिनीचा खंड 5,000 आणि आपल्या भांडवलाचे व्याज 1,000 मिळवा. क्विंटलला 8,000 पडले, म्हणजे 1,000 तोटा! कापूस तोच, भाव तोच. फरक रकान्यांचा.

सरकारी भाषेत ढोबळमानाने पहिला खर्च ए-टू, दुसरा ए-टू अधिक एफएल, तिसरा सी-टू. कृषिमूल्य आयोग हे तिन्ही काढतो. 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, ती दीडपट धरली दुसऱ्या खर्चावर. घामाचे दाम मागायला गेलो आणि समोरच्याने विचारले, 'तुमचा खर्च किती?' तर आपण काय दाखवणार?

ज्वारीच्या पानावर जमेच्या बाजूला घरी खाल्लेली ज्वारी आणि बैलांनी खाल्लेला कडबा बाजारभावाने लिहा. तो लिहिला नाही तर ज्वारी नुसती तोट्याची दिसते, सगळे रान कापसाखाली जाते आणि मग धान्यही विकत, वैरणही विकत.

पुढचे पान घराचे : किराणा, दवाखाना, शाळा, सणवार, लग्नकार्य. उधारीला मात्र दोन आकडे लिहा : रोखीचा भाव आणि उधारीचा भाव. 2,000 चा माल सहा महिन्यांनी 2,300 ला पडला, तर ते 300 व्याज आहे. सहा महिन्यांना 15 टक्के, वर्षाला 30 टक्के. दुकानदार त्याला व्याज म्हणत नाही. आपल्या वहीने म्हणावे.

शेवटचे पान बारा महिन्यांचे, जूनपासून मेपर्यंत. प्रत्येक महिन्यासमोर येणार किती, जाणार किती, शिल्लक किती. आधी अंदाज लिहा आणि महिना सरला की शेजारी खरा आकडा. ज्या महिन्यात शिल्लक शून्याच्या खाली जाते, त्याची तजवीज आधीच करायची : कर्जाची मागणी वेळेत, एखादी खरेदी पुढे, शेळी विकायची तर भाव असताना. दिवाळीचा खड्डा जूनमध्ये दिसला, तर पहिल्या वेच्याचा ओला कापूस मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकावा लागणार नाही.

वहीने पाऊस पडत नाही आणि भावही वाढत नाही. चुकीचे धोरण वहीने सुधारणार नाही. त्यासाठी रस्त्यावरच यावे लागते. पण कर्ज उधळपट्टीने झाले असे कुणी म्हणाले, तर वही उघडून दाखवता येते.

लिहिणारा घरात कोणीही चालेल. शाळेत जाणारी मुलगी असेल तर उत्तम. रोज दिवेलागणीला दहा मिनिटे पुरतात. रकाना कमी पडला तर वाढवा, रिकामा राहिला तर खोडा. हंगाम संपला की गावातल्या वह्या एकत्र मांडून गावाचा क्विंटलमागे खर्च काढा आणि तो कागद घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला या. भावाचे निवेदन आपण त्याच आकड्यांवर लिहू.