हस्ताक्षराचें सोंग



मागील महिन्यांत आमच्या भोरच्या घरीं नातीच्या बारशाची निमंत्रणपत्रिका छापावयाची होती. चिरंजीवांनीं संगणकावर जुळवून आणलेला मजकूर प्रथमदर्शनीं मला हातानेंच लिहिलेला वाटला. अक्षरें उजवीकडे झुकलेलीं, टोकें गोलसर, रेषेची जाडी जवळजवळ सारखी. जणूं कोणी बॉलपेननें, घाईंत परंतु प्रेमानें, लिहीत गेलें आहे. या अक्षरवळणाचें नांव ‘कलम’. इंडियन टाइप फाउंड्रीनें तें २०१४ सालीं देवनागरी व रोमन या दोन्ही लिप्यांसाठीं प्रसिद्ध केलें. पण मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेला मास्तर! दुसऱ्यांदा पाहतांच चोरी सांपडली. पत्रिकेंतील एकूण एक ‘आ’ एकाच सांच्यांतून निघालेला. खऱ्या हातून दोन ‘आ’ तंतोतंत सारखे कधीं उमटत नाहींत.

तथापि मीं पत्रिका नापास केली नाहीं. सरळ छापील अक्षर सभेंत उभें राहून बोलतें, हें ओसरीवर बसून बोलतें. बारसें, हळदीकुंकू, मुलांचें गोष्टींचें पुस्तक, येथें तें शोभतें. खरेदीखतावर मात्र नको.

हें मत एका भोरकराचें असावें यांत नवल नाहीं. १९४८ सालीं विलीन झालेलें आमचें संस्थान पंतसचिवांचें. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिवाचें कामच असें कीं, राजपत्रें तपासावीं व अधिक-उणें अक्षर शुद्ध करावें. तीं पत्रें असत मोडींत. आधीं कागदभर शिरोरेघ ओढावयाची, मग तिच्याखालीं बोरू शक्यतों न उचलतां लिहीत जावयाचें. त्यामुळें प्रत्येक अक्षर शेजाऱ्याप्रमाणें वळतें. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं, शब्दांमध्यें मोकळी जागा नाहीं. वेग विलक्षण, पण वाचणाऱ्याची परीक्षा! सुटे खिळे जुळविणाऱ्या छापखान्यास असली जोडलिपि कशी मानवावी? बंगालमधील श्रीरामपुरास विल्यम केरी यांनीं १८१० सालीं मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला खरा. पुढें मुद्रणांत बाळबोधच रूढ झाली. संगणकाच्या युनिकोडांत मोडीला स्थान मिळालें तेंहि २०१४ सालींच.

दोन वर्षांपूर्वीं वेल्ह्याकडील एक शेतकरी आजोबांच्या वेळचा मोडी कागद घेऊन मजकडे आले. भावकींत बांधाचा तंटा होता. “गुरुजी, तुम्हीं शिकलेले, एवढें वाचून द्या,” म्हणाले. मला एक ओळहि लागली नाहीं. माझ्या शालेय वयांत मोडी शिकवीतच नसत. त्या लाजेपायीं निवृत्तीनंतर मोडी गिरविली. परवां तो कागद पुन्हां मागवून घेतला आणि त्याची बाळबोध प्रत तयार केली. चिरंजीव म्हणाले, “बाबा, ‘कलम’मध्यें छापूं, जुन्या कागदासारखें दिसेल.” मीं साफ नाकारलें. प्रत साध्या, उभ्या अक्षरांत काढली. बांधाची दिशा सांगणारा एक शब्द मात्र दोन प्रकारें लागतो. तेथें अंदाजानें कांहीं न लिहितां जागा मोकळी सोडली आहे, आणि पुण्याच्या जाणकार मोडीवाचकाकडे मूळ कागद घेऊन जावें, असें त्या गृहस्थांस सांगितलें आहे.